वाचकांचे प्रश्न : हिवाळ्याची गोधडी, शेवटच्या गाठीपर्यंत

दिवाळी सरली की गोधडीविषयीची पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसली: ठिगळं जोडून झालेली असतात, कपाटात घडी घालून ठेवलेली असतात, आणि गोधडीचा पत्ता नसतो. तुकडे जुळवण्यात रंगांची मौज आहे, तेवढं काम कुणीही हौसेनं करतं. थर घालणं, टाके भरणं आणि कड बसवणं इथे गाडं अडतं. म्हणून या वेळी गोधडी तडीस नेण्याविषयीचेच प्रश्न घेतले आहेत. मापं सगळी एकेरी गोधडीची आहेत: रुंदी १५० सेंटिमीटर, लांबी २१० सेंटिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानं पाच फूट बाय सात फूट.

ठिगळांची वरची बाजू दोन वर्षांपासून तयार आहे. आत किती साड्या लागतील आणि त्या कशा कापायच्या, हे गणित जमत नाही म्हणून काम तिथेच थांबलं आहे. (सासवड)

थंडीच्या गोधडीला सहा थर पुरतात. वरची ठिगळांची बाजू, आतले चार थर आणि खालची पाठ. वरची बाजू तुमच्याकडे आहे, म्हणजे पाच थरांचं कापड हवं.

बहुतेक जण साडी लांबीनं गोधडीच्या लांबीएवढी कापतात आणि मग रुंदी कमी पडते. त्याऐवजी उलटं करा. साडीचे १६० सेंटिमीटरचे तुकडे पाडा. ही १६० सेंटिमीटर म्हणजे गोधडीची रुंदी, कडेला शिवणीसाठी थोडं जास्त धरून. साडीचा पन्हा साधारण ११५ सेंटिमीटर असतो. असे दोन तुकडे पन्ह्याच्या कडेनं एकमेकांना जोडले की लांबी भरते, वर हातात चार-सहा बोटं उरतात. एका थराला दोन तुकडे, पाच थरांना दहा. सहावारीतून तीन तुकडे निघतात, नऊवारीतून पाच. म्हणजे दोन नऊवारी किंवा चार सहावारी. विरलेला भाग किती निघेल याचा भरवसा नसतो, म्हणून एखादी साडी हाताशी जास्तीची असू द्या.

आता यात एक खोच आहे. प्रत्येक थराची जोडशिवण मधोमध आली तर पाच शिवणी एकावर एक बसतात आणि मधे दोरीसारखा उंचवटा तयार होतो. झोपणाऱ्याच्या पाठीला तो टोचतो आणि सुईही तिथेच मोडते. लांबीत जे चार-सहा बोटं जास्त आहे ते यासाठीच. एका थराची शिवण मधापासून चार बोटं वर सरकवा, पुढच्याची चार बोटं खाली, तिसऱ्याची मधे. शिवण घातल्यावर तिच्या दोन्ही पाकळ्या उलगडून इस्त्री करा, एकाच बाजूला दुमडू नका.

काठांचा निर्णय कापण्याआधी घ्यायचा. जरीचे, जाड विणीचे काठ उतरवून ठेवा. काठाची वीण अंगापेक्षा घट्ट असते, धुतल्यावर तो वेगळा आकसतो आणि शेजारचं कापड ओढतो. सपाट, पातळ काठ राहिले तरी चालतात. उतरवलेले काठ फेकू नका, शेवटी कडेला लागणार आहेत. रुंद काठ उतरवल्यावर लांबी कमी पडली तर उरलेल्या तुकड्यातून पट्टी जोडा. ती कुठेतरी मधल्या थरात घाला, कुणाला दिसत नाही.

असे सहा थर मिळून गोधडी पावणेदोन किलोच्या आसपास भरते. त्याहून जड झाली तर हातानं धुणं अवघड जातं.

आईच्या साड्या आहेत, त्यात सुती कमी आणि पॉलिस्टर जास्त. सगळ्या एकत्र घातल्या तर चालतील का? एक जुनी रेशमी साडीही आहे. (नाशिक)

सुती आणि पॉलिस्टर एकत्र नकोत. कारण आकसणं. सुती कापड पाण्यात आकसतं, पॉलिस्टर आकसत नाही, आणि मग दोन टाक्यांच्या ओळींमधे पॉलिस्टरचे फुगे उभे राहतात. शिवाय ते घाम शोषत नाही, अंगाखालून घसरतं. पॉलिस्टरच जास्त असेल तर त्यांची वेगळी, तीन थरांची, प्रवासात आणि पावसाळ्यात वापरायची हलकी गोधडी करा. लवकर वाळते हा तिचा गुण आहे. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ मात्र ती नेऊ नका, ठिणगीनं वितळते.

सुती साडी घेताना ती उजेडासमोर धरा. ज्या भागातून उजेड जाळीसारखा येतो तो विरलेला. नऊवारी काष्ट्याकडे आणि बसण्याखाली आधी विरते, सहावारी खालच्या काठाजवळ. दोन अंगठ्यांमधे कापड धरून ताणा. नुसतं ढिलं पडलं तर आतल्या थरात चालेल, चर्रकन आवाज आला तर पायपुसण्याला द्या. वरच्या आणि खालच्या बाजूला धडच कापड हवं.

पाठीसाठी नवा मांजरपाट आणणार असाल तर तो रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापा. नवं सुती कापड शेकडा पाच टक्के आकसलं तर २१० सेंटिमीटरमागे दहा सेंटिमीटर जातात. बाकीच्या साड्या आधीच धुवून धुवून आकसलेल्या असतात, त्या तेवढ्या मागे येत नाहीत, आणि गोधडीची पाठ आत वळते.

लाल, जांभळा, गर्द हिरवा या रंगांची परीक्षा घ्या. पांढरा रुमाल गरम पाण्यात बुडवून, पिळून कापडावर जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर ते कापड वेगळं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. मिठाच्या पाण्यात ठेवून रंग पक्का होतो हा समज सगळीकडे आहे. मीठ कापड रंगवताना उपयोगी पडतं, रंगलेलं कापड धुताना नाही.

रेशीम घडीवर चिरतं, म्हणून त्याची पूर्ण बाजू करू नका. मधल्या एखाद्या चौकोनाला, मागे पातळ सुती कापड लावून वापरा. जर अंगाला टोचते, ती गोधडीच्या वरच्या टोकाला, म्हणजे चेहऱ्याकडे येऊ देऊ नका.

कडेपासून फेऱ्या घालत आत आले. मधे पोहोचल्यावर सगळं कापड गोळा होऊन मोठा फुगा आला आहे. आता काय करू? (बार्शी)

गोधडीतली ही सगळ्यांत जुनी अडचण आहे. सुई वरच्या थराला प्रत्येक टाक्याला किंचित पुढे ढकलते. खालचे थर जमिनीला टेकलेले असतात, ते जागचे हलत नाहीत. दोन सेंटिमीटर अंतरानं कडेपासून मधापर्यंत ३७ फेऱ्या बसतात. प्रत्येक फेरीला कापड एक मिलिमीटर आत सरकलं तरी एका बाजूनं जवळजवळ चार सेंटिमीटर साठतं, समोरासमोरच्या दोन बाजू मिळून त्याच्या दुप्पट. ते सगळं मधे येऊन उभं राहतं.

आता असलेला फुगा किती आहे ते मोजा. चिमटीत धरल्यावर एक सेंटिमीटरपर्यंत असेल तर मधल्या भागात ओळी जवळजवळ घाला, अर्धं बोट अंतरानं. धुतल्यावर तो मुरतो. त्याहून जास्त असेल तर मधलं एक ठिगळ तिन्ही बाजूंनी उसवा. आतून कुठला थर वाढला आहे ते हातानं कळतं. तो बाहेर ओढून वाढलेलं कापड कापा आणि कापलेल्या कडा शेजारी-शेजारी ठेवा, एकावर एक नको. ठिगळाचं कापडही तेवढंच आत दुमडून बारीक टाक्यानं बंद करा. वरचं कापड सगळीकडूनच पाच-सहा सेंटिमीटर वाढलं असेल तर मात्र इलाज एकच: शेवटच्या पंधरा-वीस फेऱ्या उसवायच्या. त्या आतल्या, लहान फेऱ्या असतात, वाटतं तेवढं काम वाया जात नाही.

पुढच्या गोधडीला मात्र एक नियम पाळा: कच्चे टाके मधून बाहेर, पक्के टाके बाहेरून आत.

कच्च्या टाक्यांचा बहुतेकांना कंटाळा असतो, आणि सगळी गफलत तिथेच होते. फरशी पुसून कोरडी करा. पाठीचा थर उलटा पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं फरशीला लावा, ताणू नका, नुसत्या सुरकुत्या जातील एवढंच. प्रत्येक थर टाकल्यावर तळहात मधून कडेकडे फिरवा. दोन माणसं समोरासमोर असली तर फार सोपं जातं. सगळे थर पडले की वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं, पाच-सहा सेंटिमीटरच्या लांब टाक्यांनी, मधोमध आधी उभी-आडवी फुली घाला. मग कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरप्या ओळी. मग वीत-वीत अंतरानं उभ्या आणि आडव्या. या कामाला दोन-तीन तास लागतात. त्यानंतर पक्के टाके घालत मधे पोहोचलात तरी कापड पुढे पळत नाही, कारण दर वितीवर ते अडवलेलं असतं.

आणखी एक. सगळ्या फेऱ्या एकाच दिशेनं घातल्या तर गोधडीला पीळ पडतो, चारी कोपरे एकीकडे ओढलेले दिसतात. एक फेरी गोधडीचा मधला भाग आपल्या बाजूला ठेवून घाला, पुढची तो समोर ठेवून. दिशा आपोआप बदलते.

पहिले काही दिवस उत्साह होता, आता दहा-बारा फेऱ्या झाल्यावर हात लावावासा वाटत नाही. इतकं शिवूनही गोधडी तशीच दिसते. अशी कशी संपणार? (कल्याण)

पेन-कागद घ्या. सगळ्यांत बाहेरची फेरी सुमारे सात मीटरची असते. दोन सेंटिमीटर अंतर धरलं तर प्रत्येक पुढची फेरी आधीच्या फेरीपेक्षा १६ सेंटिमीटरनं लहान होते. त्यामुळे ३७ पैकी निम्म्या फेऱ्या झाल्या तेव्हा निम्मं काम झालेलं नसतं, दोन-तृतीयांश झालेलं असतं. अठ्ठाविसाव्या फेरीनंतर शेकडा बारा टक्केच उरतं. शेवटी मधे साधारण साठ सेंटिमीटरची एक चिंचोळी पट्टी राहते, ती एका बैठकीत बुजते. तुम्ही दहा-बाराव्या फेरीवर आहात, म्हणजे सगळ्यांत लांब फेऱ्या मागे पडल्या आहेत आणि सुमारे निम्मी गोधडी झाली आहे. दिसत नाही, कारण उघडी जागा नेमकी मधे, डोळ्यासमोर असते.

समांतर उभ्या ओळी घालणाऱ्यांना हे सुख नाही. त्यांची शेवटची ओळ पहिलीएवढीच लांब असते. बाहेरून आत येण्याची जुनी रीत आम्हाला पसंत आहे ती यामुळेच; जसजसा माणूस थकतो तसतशी फेरी आखूड होत जाते.

एकूण हिशेबही माहीत असावा. या अंतरानं संपूर्ण गोधडीत टाक्यांच्या ओळी दीडशे मीटरहून थोड्या जास्त होतात, म्हणजे पंधरा-सोळा हजार टाके. सरावाच्या हाताला तीस ते पस्तीस तास. रोज दोन तास बसलं तर अडीच आठवडे. मार्गशीर्षात गोधडी अंगावर घ्यायची असेल तर कोजागिरीला थर पडलेले असावेत. गावाकडे हे काम उन्हाळ्यात, शेतीची कामं उरकल्यावर करतात, त्यात सवड हे कारण आहेच; पण कोरडी हवा, मोठा दिवस आणि अंगणात पसरायला जागा हीही कारणं आहेत.

सुई वाकते, दोरा गुंततो, बोटं सोलतात. दाभण वापरू का? (अकोला)

दाभण नको. ते पोत्यासाठी असतं, साडीच्या कापडाला त्यानं भोक पडतं आणि धुतल्यावर ते मोठं होतं. दोन इंच लांब, मजबूत आणि मोठ्या नेढ्याची सुई घ्या. वाकलेली सुई सरळ करून वापरू नका, ती पुढच्या जाड शिवणीत मोडते.

दोरा सुती घ्या. शिलाई मशीनचा असेल तर दुहेरी करा. पॉलिस्टरचा दोरा पक्का असतो हे खरं, पण इथे फार पक्का दोरा कामाचा नाही. ओढ बसली तर आधी दोरा तुटावा, कापड नाही. दोरा पुन्हा घालता येतो. दुहेरी करून हातभर उरेल एवढाच घ्या. लांब घेतला की वेळ वाचतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो, शेवटच्या वितीत कापसासारखा फुलतो आणि तुटतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की गुंतत नाही. दुहेरी दोरा साधारण चारशे मीटर लागतो, सगळा एकदम आणा. नंतर आणलेला पांढरा आधीच्या पांढऱ्याशी जुळत नाही.

टाका वर गव्हाच्या दाण्याएवढा, मधली जागा त्याहून थोडी कमी. एका वेळी सुईवर तीन-चार टाके भरून मग ओढा. सहा थरांतून सुई खाली पोहोचली की नाही ते खालच्या हाताच्या बोटाला टोक लागल्यावरच कळतं. टोक न लागता उचललेला टाका पाठीवर उमटत नाही. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अंगुस्तान घाला. जाड शिवणीत अडकलेली सुई ओढायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा छोटा तुकडा पकड म्हणून वापरा, दातांनी ओढू नका. बोटाचं रक्त कापडाला लागलं तर लगेच थंड पाण्यानं पुसा. गरम पाणी लावलं की डाग कायमचा बसतो.

शिलाई मशीनवर गोधडी भरली तर? (पुणे)

भरते. तीन थरांपर्यंत बरी होते. सहा थरांना घरगुती मशीनचा पाय वरचं कापड पुढे लोटतो आणि बार्शीच्या वाचकांची अडचण दुपटीनं होते. थर एकत्र सरकवणारा वॉकिंग फूट मिळाला तर लावा. मशीनची टीप सलग असते, त्यामुळे गोधडी ताठ पडते, अंगाशी लपेटत नाही. ठिगळं जोडायला आणि कड लावायला मशीन, मधले टाके हातानं, ही वाटणी आम्ही सुचवू.

कडेचा गोट नेहमी कोपऱ्यात गोळा होतो. कड आधी लावायची की शेवटी? (बेळगाव)

दोन्ही रीती आहेत. जुन्या रीतीत वरचा आणि खालचा थर आत दुमडून कड आधी बंद करतात, मग फेऱ्या सुरू करतात. गोट लावायचा असेल तर तो शेवटी, कारण टाक्यांनी गोधडी सगळीकडून दोन-चार सेंटिमीटर आत येते आणि आधी लावलेला गोट झालरीसारखा सुटतो. शेवटी लावणार असाल तर पहिली फेरी कडेपासून तीन बोटं आत घ्या, आणि टाके संपल्यावर चारी बाजू पट्टीनं आखून एकसारख्या कापा.

गोटाची पट्टी सात सेंटिमीटर रुंद, सगळे जोड धरून साडेसात मीटर लांब. आधी उतरवलेले काठ इथे घाला; एका सहावारीचे दोन काठ मिळून अकरा मीटर भरतात. कड सरळ आहे, म्हणून पट्टी तिरपी कापायची गरज नाही. तिरपी पट्टी ताणते आणि कड लाटेसारखी होते.

कोपऱ्यात पट्टी सरळ वळवू नका. कडेपासून शिवणीच्या रुंदीएवढं अलीकडे थांबा आणि दोरा पक्का करा. पट्टी गोधडीपासून दूर, सरळ वर उभी दुमडा, मग तीच पुढच्या बाजूवर खाली आणा, आणि दुमडीच्या वरच्या कडेपासून पुढची शिवण सुरू करा. उलटून मागे घेतली की कोपऱ्यात तिरपी घडी आपसूक पडते. गोळा होतो तो थरांमुळेही: कोपऱ्यातले आतले चार थर तिरपे, बोटभर छाटा.

तुमच्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायका गोधडीच्या कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या एकावर एक बसवतात. त्यांना त्या 'फुलं' म्हणतात, आणि फुलांशिवाय गोधडी उघडी वाटते असं मानतात. त्याही कडेपासून फेऱ्या घालत मधे येतात. कोपरा कितीही केलात तरी मनासारखा होत नसेल तर ही युक्ती उचलायला हरकत नाही.

टोरांटोत राहतो. इथल्या थंडीत सुती गोधडी पुरेल का? आत काय घालावं? (टोरांटो)

गरम घरात, पलंगावर, सहा थर पुष्कळ होतात. ऊब कापडाच्या जाडीपेक्षा थरांमधे अडकलेल्या हवेची असते. म्हणून थंडीच्या गोधडीत ओळी फार जवळ घेऊ नका: दोन ते अडीच सेंटिमीटर अंतर ठेवा. पावसाळ्याच्या पातळ गोधडीला एक-दीड चालतं, तिथे ऊब नको असते, टिकाऊपणा हवा असतो.

जास्त ऊब हवी तर आतले दोन थर काढून त्या जागी कापसाचा तयार थर घाला. तुमच्याकडे तो बॅटिंग नावानं मिळतो. दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल हे पाकिटावर छापलेलं असतं, ते ओलांडलं तर कापूस आत गोळा होतो. जुनी लोकरी चादर घालायची असेल तर आधी ती मशीनमधे धुवून काय आकसायची ती आकसू द्या. भारतातून चार सुती साड्या न्यायच्या तर सामानात दोन किलोच वाढतात. ठिगळं तिकडच्या कापडाची असली तरी पाठ साडीची असू द्या, अंगाला तीच लागते.

शिवून झाल्यावर पहिल्यांदा धुतली आणि सगळी सुरकुतली. आधी किती सपाट होती! बिघडली का? (ठाणे)

बिघडली नाही, आत्ता ती तयार झाली. धुतल्यावर दोरा आणि कापड दोन्ही थोडे आकसतात, टाका खाली बसतो आणि दोन ओळींमधलं कापड बारीक उभं राहतं. त्या उभारीतच हवा अडकते. सपाट गोधडी दिसायला छान, पांघरायला चादरीसारखी. इस्त्री करून ती उभारी मारू नका.

खरी पारख पाठीवर होते. उन्हाची तिरीप आडवी येते अशा सकाळी गोधडी उलटी पसरा. ठिगळांचे रंग तिथे नसतात, नुसत्या ओळी असतात: बाहेर लांब, आत आखूड होत गेलेल्या, मधे त्या साठ सेंटिमीटरच्या रेघेवर मिटलेल्या. सुरुवातीच्या फेऱ्यांतले टाके लांबट आणि वाकडे, आतले सारखे. इतक्या तासांत हात कसा बसत गेला ते तिथे वाचता येतं, आणि शिवणाऱ्याला जे समाधान मिळतं ते बहुधा याच बाजूकडे बघून. पाठ बघता बघता दोन गोष्टी तपासून घ्या. एक, जिथे टाका पाठीवर आलेलाच नाही अशा सलग वितीपेक्षा मोठ्या जागा. तिथे परत एक ओळ घाला. दोन, उघड्या गाठी. त्या सुईनं थरांच्या आत ओढून घ्या. मग कच्चे टाके राहिले असतील ते काढा. एका कोपऱ्यात दोऱ्यानं साल घाला, नाव घातलं तर उत्तम. पुढे ती कुणाच्या ट्रंकेत जाईल सांगता येत नाही.

धुताना कोमट पाणी, थोडा साबण, पिळायचं नाही, दाबून पाणी काढायचं. ओली गोधडी फार जड होते, एका दोरीवर टाकली तर तिच्याच वजनानं मधे ताणते. हातभर अंतरावरच्या दोन दोऱ्यांवर आडवी टाका. कडा आधी वाळतात. मधे तळहात ठेवून गार लागलं तर अजून ओल आहे.

कोकणात पावसाळ्यात गोधडीला कुबट वास येतो. शिवाय नातीसाठी दुपटं केलं आहे, ते डांबराच्या गोळ्या घालून ठेवलं तर चालेल? (रत्नागिरी)

दुपट्यात, कुंचीत, तान्ह्या बाळाच्या कुठल्याही कपड्यात डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. त्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेनं काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. कुणाच्या बाबतीत होईल ते आधी दिसत नाही. धुवून, कडक उन्हात वाळवून, सुती कापडात गुंडाळलं की पुरे.

मोठ्या गोधडीला वास येतो तो बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीमुळे. आतली ओल बाहेर जात नाही. जुन्या साडीत किंवा उशीच्या अभ्र्यात ठेवा, सुकलेला कडुलिंबाचा पाला घाला, आणि पावसानं उघडीप दिली की पंख्याखाली उलगडा. दर वेळी घडी वेगळ्या ठिकाणी घाला, नाहीतर त्याच रेघेवर कापड विरतं. घटस्थापनेआधी घरोघरी गोधड्या धुतल्या जातात त्यात शिवताशिवत आहेच. पण चार महिन्यांची दमट हवा संपून थंडी सुरू होण्यापूर्वीचं कडक ऊन त्याच दिवसांत मिळतं.

शेजारणीनं वाकळ शिवून मागितली आहे, पंधराशे रुपये देते म्हणते. साड्या तिच्याच. घ्यावं का काम? (कोल्हापूर)

ठिगळं जोडायला दहा तास, थर आणि कच्चे टाके तीन, पक्के टाके पस्तीस, गोट चार. बावन्न तास झाले. पंधराशेत तासाला तीस रुपयेही पडत नाहीत, दोरा तुमचाच. जिव्हाळ्याचं माणूस असेल तर पैसे न घेता द्या. कामच करायचं असेल तर आधी तासांचा हिशेब तिच्यासमोर मांडा, किंवा ठिगळांऐवजी अखंड साडीची वरची बाजू आणि तीन सेंटिमीटर अंतराच्या ओळी असं ठरवा. पस्तीस तासांचे चोवीस होतात.

गोधडी पुरी झाली आणि एक सुई कमी भरते आहे. आत राहिली असेल का? (जालना)

राहिली आहे असंच धरून चला आणि सापडेपर्यंत ती कुणाच्या अंगावर घालू नका. हातानं दाबत शोधू नका. जुन्या स्पीकरमधलं जड चुंबक घ्या, गोधडी टेबलावर सपाट पसरा आणि ते ओळीनं, सावकाश, कापडाला टेकवून फिरवा. सुई असेल तिथे कापड उचललं जातं. वरून झालं की पाठीकडूनही तसंच करा, सहा थरांपलीकडून ओढ कमी लागते. कडेच्या गोटात आणि जोडशिवणींच्या पाकळ्यांत विशेष बघा, सुया तिथे शिरतात. पुढच्या वेळी मोजून पाच सुया घ्या, काम थांबवताना सुईत दोरा ओवलेलाच राहू द्या, आणि टाचण्यांऐवजी कच्चे टाके घाला.